चौदा नंबरची बॅटरी

गुरुवारी सकाळी रोझालिया आत्याच्या गाडीनं सेल्फचं बटण दाबल्यावर फक्त 'टिक' केलं. दुसऱ्यांदा 'टिक'. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

मागच्या सीटवर चढण्यासाठी पाय उचललेली पोटुशी बाई तशीच थांबली. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात पाय बांधलेली कोंबडी. "अगं बाई," ती म्हणाली, "मला दवाखान्यात नंबर लावायचाय. तुझी गाडी उठेस्तोवर माझं बाळ शाळेत जायला लागेल."

"उठते उठते," आत्या म्हणाली आणि पुन्हा बटण दाबलं.

मागून सेम्वांगानं आपल्या गाडीला नुसता पाय लावला न लावला, ती धडधडायला लागली. "रोझाताई, तिला चहा पाजा जरा. उपाशी दिसतेय," तो म्हणाला, आणि बाई, टोपली, कोंबडी असा सगळा संसार घेऊन दवाखान्याच्या रस्त्याला लागलासुद्धा.

नाकिमेरा दप्तर पाठीला लावून शेजारीच उभी होती. तिनं बोटं मोजली. सोमवारी एक खाडा, मंगळवारी एक, आणि हा आजचा. तीन झाले.

कायिराच्या बोडा थांब्यावर, म्हणजे भाड्यानं सवारी नेणाऱ्या मोटरसायकलींच्या थांब्यावर, एकतीस गाड्या होत्या आणि नियम सगळ्यांना पाठ होते. जाकिटावर जो नंबर, तोच रांगेतला नंबर. आपली पाळी आली आणि गाडी चालू झाली नाही तर सवारी पुढच्याची. एका आठवड्यात असं तीनदा झालं की शनिवारच्या सभेत गाडी आपल्या जागेवर उभी करायची. सभा उठेपर्यंत चालू झाली तर ठीक. नाही झाली तर जाकीट काढून द्यायचं आणि घरी जायचं. जाकिटासाठी वाट बघत बसलेली माणसं समोरच्या चपातीवाल्याच्या बाकावर रोज हजर असत, गिधाडं बरी.

बाकीच्यांना याची भीती नव्हती. सेल्फ गेला तर किक होती. पण आत्याचा उजवा गुडघा सहा वर्षांपूर्वी केळ्यांच्या ट्रकवरून पडून असा काही जुळला होता की तो वाकायचाच नाही. ती ब्रेक दाबू शकायची, चर्चमध्ये एका गुडघ्यावर टेकू शकायची, पण किक मारू शकायची नाही. घरून निघताना किक नाकिमेरा मारायची. थांब्यावर मात्र जाकीट नसलेल्याला गाडीला हात लावायची मुभा नव्हती, तिथं आत्याकडे होतं ते एवढंसं बटण. त्या बटणावर दोघींचं घर चालायचं, आणि नाकिमेराची शाळासुद्धा.

"जा शाळेत," आत्या म्हणाली.

नाकिमेरा गेली नाही. गेल्या टर्मपर्यंत ती इतकी हळू बोलायची की हजेरीला बाई तिला दोनदा गैरहजर लावायच्या. मग रसायनशास्त्रात एक्क्याऐंशी मार्क पडले, सगळ्या शाळेसमोर उभं राहून तिनं प्रयोग समजावून सांगितला, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून तोंड उघडलं की मिटायची आठवणच राहायची नाही. आत्ताही ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. नवी बॅटरी. ईस्टरला घेतलेली. त्याआधीची नाताळात घेतलेली. दोन्ही अशाच मेल्या. असं कसं होईल? आत्याची गाडी बसली की सवारी कुणाला मिळते? पंधरा नंबरला. पंधरा नंबर कोण? सेम्वांगा.

आणि मग तिला ती वायर दिसली. आत्याच्या हँडलला फोन चार्ज करायची जी खोबण लावलेली होती, तिच्यातून एक पांढरी वायर लोंबत होती. ती आत्याची नव्हती. आत्याची काळी होती.

सेम्वांगा दवाखान्याहून परत आला तेव्हा नाकिमेरा ती वायर साप धरावा तशी धरून उभी होती.

"ही तुमची ना, दादा?"

"माझीच. कधीकधी फोन लावतो. तुझ्या आत्याला माहितीय."

"आत्या जेवायला गेली की लावता. ती बघत नसताना लावता. बॅटरी पिऊन टाकता आणि वर तिचीच सवारी पळवता." हे ती हळू बोलली असती तरी चाललं असतं. पण ती शाळेसमोर प्रयोग समजावल्याच्या आवाजात बोलली. चपातीवाल्याचा हात पिठात थांबला. बाकावरची गिधाडं उठून उभी राहिली.

"तोंड सांभाळ," सेम्वांगा म्हणाला. त्याचा चेहरा एकदम लहान झाला होता.

"नाकिमेरा, पुरे," आत्या म्हणाली.

पण आता पुरे होणार नव्हतं, कारण चेअरमन लुबोवा आंब्याखालच्या खुर्चीवरून उठून येत होते. लुबोवांनी अर्ध्या आयुष्यात गाडी चालवली होती आणि उरलेल्या अर्ध्यात नियम. "मुली, हा आरोप आहे की बडबड?" त्यांनी विचारलं. "बडबड असेल तर शाळेत जा. आरोप असेल तर शनिवारी बघू. दुसऱ्याची गाडी बिघडवल्याचं ठरलं तर त्याचं जाकीट जाईल आणि हिचे तिन्ही खाडे पुसले जातील. बोल."

नाकिमेरानं आत्याकडे पाहिलं नाही. "आरोप आहे," ती म्हणाली.

शाळेत त्या दिवशी कुठला धडा झाला ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बाकाखाली तिचा पाय शिवणयंत्रासारखा हलत होता. शेजारची पास्काझिया दोनदा म्हणाली, "मुंग्या चावतायत का गं?" घंटा झाली तशी ती पळत सुटली.

आत्यानं गाडी ढकलत कायोंडोचाचाच्या दुरुस्तीच्या टपरीवर आणली होती. फणसाच्या झाडाखाली पत्र्याची टपरी, जमीन तेलानं काळी झालेली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, नमाजाची टोपी खिशात घातली आणि मीटर काढला.

"आधी गाडी बॅटरीला जेवायला घालते की नाही ते बघू," ते म्हणाले. "किक मार, पोरी." नाकिमेरानं किक मारली. चाचांनी मूठ पिळली आणि मीटरच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. चौदा पूर्णांक एक. "पोटभर घालते. यात खोट नाही. आता बघू, झोपेत कोण चोरून खातं."

गाडी बंद केली, किल्ली काढली. बॅटरीची काळी वायर सोडवून मध्ये मीटर घातला. नाकिमेरा इतकी वाकली की तिची वेणी मीटरला लागली.

शून्य.

"काटा अडकलाय," ती म्हणाली.

"याला काटा नाही, आकडे आहेत. आणि आकड्यांना कुणाची भीड नसते." चाचांनी स्वतःचा फोन आत्याच्या खोबणीत लावला. आकडा थोडा वर सरकला. "हा तुझा चोर. बघ किती पितो. अर्धा तास लावला तर एका घोटाइतकं. फोन लावून बॅटरी मारायची तर सेम्वांगाला या गाडीशी लग्न करून रात्रंदिवस इथंच राहावं लागेल."

आत्या इतक्या दिवसांनी हसली. नाकिमेराला मात्र हसू येईना. "मग ते दुसरं काहीतरी करत असतील. आपल्याला दिसत नाही असं."

"करत असेल तर उद्या कळेल." चाचांनी बॅटरी गाडीतून काढलीच. "अंधार पडेपर्यंत चार्जिंगला ठेवतो. मग सगळ्या वायरी काढून या फळीवर, आणि टपरीला कुलूप. ना गाडी, ना सेम्वांगा, ना फोन. रात्री ठेवली तशीच सकाळी भरलेली निघाली तर चोर बाहेरचा."

"आणि नाही निघाली तर?"

"तर दुखणं तिच्या पोटात आहे."

शुक्रवारी ती टपरीवर पोचली तेव्हा चाचा अजून कुलूप काढत होते. आत्या घरीच होती. सकाळचा दमट गार वारा तिच्या गुडघ्याला सोसत नसे. फळीवर बॅटरी एकटीच बसली होती. रात्री चाचांनी खडूनं शेजारी आकडा लिहून ठेवला होता: बारा पूर्णांक सात. त्यांनी मीटर लावला. दहा पूर्णांक नऊ.

कुणी हात लावला नव्हता. तरी रात्रीत रिकामी.

"पोटातलं दुखणं," चाचा म्हणाले. "पण नवी बॅटरी आहे ही. आणि आधीचीही अशीच गेली. दोन भावंडं एकाच आजारानं मेली तर वैद्य काय विचारतो? घरात काय खायला घालता?" त्यांनी वरची सहा टोपणं उघडली आणि बॅटरी पुन्हा चार्जरला जोडली.

थोड्या वेळानं बुडबुडे यायला लागले. आतलं पाणी पाण्यासारखं दिसत नव्हतं. जुन्या चहासारखं, तळाशी गाळ हिंदकळत होता. आणि वास. नाकिमेरानं नाक पुढं केलं आणि झटकन मागं घेतलं. घशाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. तो तिच्या ओळखीचा होता. आत्या रविवारचे पांढरे कपडे धुवायची तेव्हा अंगणात हाच वास सुटायचा.

"कपड्यांच्या ब्लीचचा," ती म्हणाली. "क्लोरीन."

"बॅटरीला असला वास येत नाही," चाचा म्हणाले. "तिचा वास मला माझ्या बायकोच्या रश्शासारखा पाठ आहे. पाणी कोण घालतं हिच्यात?"

"मी."

ती हे अभिमानानं म्हणाली. नाताळानंतर चाचांनीच सांगितलं होतं की पाणी कमी झालंय, दर आठवड्याला बघत जा, शुद्ध पाणी घाला, विहिरीचं नको, नळाचं नको. तेव्हापासून हे काम तिनं आपल्याकडे घेतलं होतं. दर रविवारी, मासची प्रार्थना संपल्यावर, छोट्या नरसाळ्यानं, एक थेंब बाहेर न सांडता.

"कुठलं पाणी?"

"सगळ्यात शुद्ध. चर्चमधलं. पवित्र पाणी."

चाचांनी डोकं खाजवलं. "पोरी, मी मुसलमान माणूस. तुमच्या फादरच्या पाण्यात मी नाक खुपसू नये. पण एवढंच विचारतो. त्या पाण्यात नुसतं पाणीच असतं ना?"

नाकिमेरानं 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

दर रविवारी चर्चच्या वेदीसमोर पाण्याचं मोठं निळं पिंप ठेवलेलं असायचं. फादर प्रार्थना म्हणायचे. मग पांढरा झगा घातलेली एक मुलगी बशी घेऊन पुढं यायची, फादर त्या बशीतल्या पांढऱ्या ढिगावर हात धरून त्याला आशीर्वाद द्यायचे, आणि मूठभर, मूठभर करत पिंपात सोडायचे. क्रूसाच्या आकारात. मग माणसं आपापल्या बाटल्या नि कॅन भरून घरी न्यायची, आजाऱ्यावर शिंपडायला, उंबऱ्यावर शिंपडायला. बशीतल्या ढिगाला सगळी 'आशीर्वादाचं मीठ' म्हणायची.

आणि बशी धरणारी मुलगी ती स्वतः होती. जानेवारीपासून.

एक्क्याऐंशी मार्क. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन सुटतो, हा प्रयोग तिनं सगळ्या शाळेसमोर समजावून सांगितला होता. हाच. टाळ्या याच प्रयोगाला पडल्या होत्या.

ती शाळेकडे न जाता उलट दिशेनं घरी पळाली. आत्या परसात होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला कॅन उघडून तिनं त्यात बोट बुडवलं आणि चाटलं. शिंपडायचं पाणी कुणी पीत नाही, म्हणून तिनं आजवर कधी चाखलंही नव्हतं. खारट. भुईमुगाच्या रश्श्यात मीठ जास्त पडल्यावर आत्या जेवढी ओरडते, तेवढं खारट.

आत्याला सांगायला तिला अख्खा दिवस लागला. दिवसभर ती भिंगरीसारखी फिरत राहिली. पाणी आणलं, अंगण दोनदा झाडलं, शेळीची जागा तीनदा बदलली, चाचांनी तीच बॅटरी परत बसवून ठेवलेली गाडी टपरीवरून ढकलत घरी आणली. शेवटी उन्हं उतरताना आत्या मटोक्याची, उकडायची कच्ची केळी सोलत बसली तेव्हा तिच्यासमोर गुडघे टेकून तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं.

आत्याची सुरी थांबली नाही. साल, केळं, साल, केळं. मग ती म्हणाली, "दोन्ही बॅटऱ्या?"

"दोन्ही."

"नवी कधी येईल?"

"चाचा म्हणाले, मासाक्याहून सोमवारच्या टॅक्सीनं. त्यांच्याकडची उसनी एक आहे ती गिरणीवाल्यानं नेलीय."

"म्हणजे उद्या गाडी उठणार नाही." आत्यानं केळं पाण्यात टाकलं. "उद्या तू गप्प राहिलीस तर लुबोवा सेम्वांगाकडेच बघतील. वायर सगळ्यांनी पाहिलीय. त्याचं जाकीट जाईल, माझे खाडे पुसले जातील. त्याला भावाचं दुकान आहे, तो मरत नाही. माझ्याकडे काय आहे?"

नाकिमेरानं खाली पडलेल्या साली गोळा केल्या आणि शेळीपुढं टाकल्या. जेवण झालं ते दोघींनाही नीट उतरलं नाही.

शनिवारी सकाळी तिच्या अंथरुणाशी तिचा पांढरा ब्लाउज इस्त्री करून ठेवलेला होता. आत्या दारात, पाठमोरी, जाकिटाची चेन लावत होती.

"बोलायचंच असेल," ती वळून न बघता म्हणाली, "तर स्वच्छ कपड्यांनी बोल. आणि आधी गाडीला किक मार, थांब्यापर्यंत तरी जाऊ."

थांब्यावर एकतीस गाड्या रांगेत आणि माणसं आंब्याखाली. आत्यानं चौदाव्या जागेवर गाडी लावून बंद केली. नियमच तसा होता. सेम्वांगा सगळ्यांपासून वेगळा, झाडाला टेकून उभा होता. दोन दिवसांत त्याच्या शेजारी कुणी गाडी लावली नव्हती, चपातीवाल्यानंही त्याला उधार दिलं नव्हतं, आणि ते त्याच्या दाढीवर दिसत होतं.

"आरोप करणारी कुठंय?" लुबोवांनी विचारलं.

नाकिमेरा पुढं आली. तिनं हात मागं धरले. "आरोप खोटा आहे," ती म्हणाली. आवाज जुना, हजेरीच्या वेळचा निघाला. "मोठ्यानं," कुणीतरी म्हणालं. मग तिनं घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. चौदा पूर्णांक एक, शून्य, फळीवरची रात्र, वास, पिंप, मीठ, बशी. बशीपर्यंत आली तेव्हा मागं कुणीतरी फुसकन हसलं.

"बॅटरीचा बाप्तिस्मा केलास होय?" नऊ नंबर म्हणाला. "नाव काय ठेवलं?"

"दर रविवारी केला, म्हणून तर शनिवारपर्यंत पुरत नव्हती," दुसरा म्हणाला. सगळा थांबा हसला. लुबोवांनीसुद्धा मिशीवरून हात फिरवला. ते दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचे आणि दोन कॅन भरून न्यायचे.

हसला नाही तो सेम्वांगा. नाकिमेरा त्याच्यासमोर गेली आणि धुळीत गुडघे टेकले, पांढऱ्या ब्लाउजसकट. "दादा, तुम्ही काही केलं नव्हतं. मी न बघता बोलले."

तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला. "ऊठ," तो शेवटी म्हणाला. "कपडे मळतात."

"ठीक," लुबोवा म्हणाले. "पंधरा नंबर मोकळा. आता चौदा. दुखणं घरचं ठरलं, म्हणजे खाडे कायम. रोझालिया, सभा उठायच्या आत गाडी चालू झाली पाहिजे. नाहीतर मला दुसरा नियम माहीत नाही."

आत्या लंगडत गाडीपर्यंत गेली. बटण दाबलं. टिकसुद्धा नाही. ती तशीच उभी राहिली, आणि समोरच्या बाकावर एक गिधाड हळूच चपातीचे हात पुसायला लागलं.

नाकिमेरा धावली. पाय किकवर ठेवला तोच लुबोवांचा आवाज आला. "खाली. जाकीट नसलेल्यानं थांब्यावरच्या गाडीला हात लावायचा नाही."

तिनं पाय काढला. तो पाय कुठं ठेवावा तेच तिला कळेना.

कुणी हललं नाही. एकतीसातले उरलेले तीस जण होते आणि प्रत्येकाला माहीत होतं की चौदा गेला तर मागचे सगळे एका जागेनं पुढं सरकतात. सगळ्यात जास्त फायदा कुणाचा, हेही.

सेम्वांगा झाडापासून सुटा झाला. सावकाश, चपला ओढत आला. "सरक," तो नाकिमेराला म्हणाला. "मिठाचे, जरा लांब उभी राहा. गंज चढेल."

"सेम्वांगा," लुबोवा म्हणाले, "गाडी तिची आहे."

"गाडी चालू झाली पाहिजे असा नियम आहे, चेअरमन. कुणाच्या पायानं, ते मी तरी कधी ऐकलं नाही. आणि मला जाकीट आहे. आज सकाळपर्यंत तरी आहे." त्यानं किक मारली. नुसता खडखडाट. दुसरी. गाडी एकदा शिंकली आणि मेली. त्याच्या कपाळावर घाम आला, तो काहीतरी पुटपुटला जे शनिवारी सकाळी म्हणू नये, आणि त्यानं सगळं वजन टाकून तिसरी मारली.

गाडी खोकली आणि धडधडायला लागली. आत्यानं पटकन मूठ पिळली आणि पिळूनच धरली, जणू सोडली तर ती उडून जाईल.

लुबोवांनी एकदा धुराकडे पाहिलं. मग खुर्चीवरून उठले. "सभा उठली," ते म्हणाले.

माणसं पांगली. गिधाडं बाकावर बसली. नाकिमेराला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करायला गेल्यानं उचकी लागली. सेम्वांगा आपल्या गाडीकडे वळला होता. आत्यानं खिशातून त्याची पांढरी वायर काढली. गुरुवारपासून ती तिच्याकडेच होती. तिनं ती नीट गुंडाळलेली होती.

"सोमवारी नवी बॅटरी येतेय," ती वायर त्याच्याकडे फेकत म्हणाली. "मग फोन लाव. तोवर पाय लाव."

"आणि पाणी कोण घालणार?" सेम्वांगानं विचारलं.

दोघांनी एकदमच नाकिमेराकडे पाहिलं.

"डिस्टिल्ड," ती उचकी देत म्हणाली. "बाटलीतलं. चाचांकडचं. आधी मी चाखून बघीन."